अँड्रोमेडाची ‘कृष्णा’ होते तेव्हा

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

गेल्या अंकात ‘विराट’ या विमानवाहू युद्धनौकेवर एक टिपण छापले होते. भारताने घेण्यापूर्वी ही नौका ब्रिटिश नौदलात ‘हर्मीस’ या नावाने होती आणि हर्मीस हा ग्रीक पुराणांतील देवांचा निरोप्या होय, असा एका वाक्याचा उल्लेख त्यात होता. मूळ टिपणाविषयी दोन पत्रे आली. या एका वाक्याविषयी मात्र सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून पत्रांचा ढीग जमला. सह्याद्रीने समुद्रापासून तोडलेल्या आपल्या मुलखात नौदलाविषयी इतके कुतूहल असावे याचे आधी आश्चर्य वाटले. परंतु पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात मुलगे धाडणारी गावे याच भागात आहेत, हे ध्यानात आल्यावर ते उरले नाही. पुन्हापुन्हा आलेले प्रश्न एकत्र करून त्यांतील सहा येथे घेतले आहेत.

प्रश्न : इंग्लंड आणि फ्रान्स ही ख्रिस्ती राष्ट्रे. ज्या देवांना त्यांच्या धर्माने खोटे ठरवले, त्यांचीच नावे त्यांनी आपल्या युद्धनौकांना कशी दिली? (एक निवृत्त शिक्षिका, वाई)

उत्तर : विश्वकोशाच्या गावातून आलेल्या प्रश्नाला उत्तर देताना जरा दडपण येते, पण बाई, आपल्या प्रश्नातच उत्तराची किल्ली आहे. ज्या देवांची पूजा थांबून हजार वर्षांहून अधिक काळ लोटला होता, त्यांची नावे वापरताना कोणाच्याही श्रद्धेला धक्का लागत नव्हता, आणि म्हणूनच ती सोयीची होती. जिवंत धर्मातील नाव नौकेला दिले की ती बुडाली, शत्रूच्या हाती गेली किंवा मोडीत निघाली, तर त्या नावाचे काय करायचे, हा पेच उभा राहतो. कॅथलिक स्पेनने तो पेच मानला नाही. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ब्रिटनविरुद्ध फ्रान्स आणि स्पेन अशा झालेल्या ट्राफल्गारच्या लढाईत उतरलेल्या स्पेनच्या सर्वांत मोठ्या नौकेचे नाव ‘सांतिसिमा त्रिनिदाद’, म्हणजे ख्रिस्ती धर्मातील परमपवित्र त्रिमूर्ती, असे होते आणि तिच्या सोबतीला ‘सांता आना’, ‘सान हुआन नेपोमुसेनो’ अशा संतांच्या नावाच्या नौका होत्या. प्रॉटेस्टंट झालेल्या इंग्लंडने संतपूजेशी नाते तोडले होते, त्यामुळे संतांची यादी त्याला बरीचशी बंद झाली. त्या दिवशी ब्रिटिश नौसेनापती नेल्सनच्या २७ मोठ्या नौकांपैकी नऊ नौकांची नावे ग्रीक-रोमन पुराणांतील होती : नेपच्यून, मार्स, ओरायन, अजॅक्स, अकिलीज, अॅगॅमेम्नॉन, मिनोटॉर, पॉलिफीमस आणि बेलेरोफॉन.

दुसरे कारण मला याहून वजनदार वाटते, आणि ते राजकारणाचे आहे. राजाचे किंवा विजयाचे नाव राजवटीबरोबर शिळे होते. इंग्लंडमध्ये राजाला हटवून सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलच्या काळात बांधलेल्या एका बलाढ्य नौकेला ‘नेझबी’ हे नाव होते. नेझबी ही राजाच्या सैन्याचा १६४५ मध्ये पराभव झाला ती रणभूमी. १६६० मध्ये दुसऱ्या चार्ल्सला परत आणण्यासाठी नेमकी हीच नौका गेली, आणि राजाने तिच्यावर पाय ठेवताच तिची ‘रॉयल चार्ल्स’ झाली. फ्रान्समध्ये याहून मोठी तारांबळ उडाली. युवराजाच्या सन्मानार्थ ‘दोफँ रोयाल’ हे नाव मिळालेली प्रचंड नौका क्रांतीनंतर ‘साँ-क्युलोत’, म्हणजे क्रांतीचा झेंडा धरणारा सामान्य माणूस, झाली. क्रांतीचा जोर ओसरल्यावर ती ‘ओरियाँ’ झाली, आणि याच तिसऱ्या नावाने १७९८ मध्ये नाईलच्या लढाईत दारूगोळ्याच्या कोठाराला आग लागून तिचा स्फोट झाला. दहा वर्षे पुरी होण्याच्या आत तीन नावे! नेपच्यून मात्र राजाचाही नव्हता आणि प्रजासत्ताकाचाही नव्हता, म्हणून त्याला कोणी हात लावला नाही.

याशिवाय त्या काळी नावे ठरवणारा वर्ग लॅटिन आणि ग्रीक घोकून वाढलेला होता. आपल्याकडच्या कीर्तनकाराला जशी महाभारतातली आख्याने तोंडपाठ असतात, तशी त्या उमरावांना होमर आणि व्हर्जिल या प्राचीन कवींच्या काव्यांतील पात्रे पाठ असत, आणि शेकडो नौकांचा ताफा उभा राहिल्यावर इतकी नावे एकाच ठिकाणी मिळण्याची दुसरी सोय नव्हती. त्यात पकडलेल्या नौकेचे नाव पुष्कळदा तसेच ठेवण्याची प्रथा होती, त्यामुळे नावे शत्रूच्या ताफ्यातूनही येत. ट्राफल्गारला ‘तोनाँ’ ही मूळची फ्रेंच नौका ब्रिटिशांकडून लढली, तर फ्रेंचांनी पकडलेली ‘स्विफ्टशुअर’ आपले इंग्रजी नाव घेऊन इंग्रजांवरच तोफा डागत होती. ब्रिटिशांनी त्या नावाची नवी नौका बांधली होती आणि तीही त्याच रणात होती. ‘नेपच्यून’ तर तीन होत्या : एक ब्रिटिश, एक फ्रेंच आणि एक स्पॅनिश ‘नेप्तुनो’. सागराच्या देवाने त्या दिवशी कोणाची बाजू घेतली, असा वाद घालण्याची सोयच उरली नाही.

प्रश्न : नावे ठेवणारे विद्वान असतील, पण तोफा ओढणारे खलाशी बहुतेक निरक्षर होते. त्यांच्या जिभेला ‘बेलेरोफॉन’ कसे पेलले? (एक निवृत्त सुभेदार, अपशिंगे मिलिटरी)

उत्तर : सुभेदारसाहेब, पेलले नाहीच. ‘बेलेरोफॉन’ची त्यांनी ‘बिली रफियन’ केली, म्हणजे आपल्या भाषेत ‘बिल्या गुंड’. ‘अॅगॅमेम्नॉन’, जिची कमान नेल्सनने १७९३ मध्ये घेतली, तिची ‘एग्ज अँड बेकन’ झाली, आणि ‘पॉलिफीमस’ या एकाक्ष राक्षसाच्या नावाची नौका ‘पॉली इन्फेमस’, म्हणजे बदनाम पॉली, ठरली. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाची ‘हू कम्स देअर’ ही आरोळी आपल्या जवानांच्या तोंडी ‘हुकुमदार’ झाली, हे आपल्याला मी सांगायला नको. दोन्हीकडे रीत तीच आहे. ऐकू आले ते ओळखीच्या शब्दात बसवायचे आणि काम चालवायचे.

या बिल्या गुंडाचे चरित्र मात्र थोडक्यात सांगण्याजोगे आहे. पुराणातील बेलेरोफॉन हा पेगॅसस नावाच्या पंखांच्या घोड्यावर बसून किमेरा या अग्निमुखी राक्षसीचा वध करणारा वीर. १७८६ मध्ये पाण्यात उतरलेली ही ७४ तोफांची नौका नाईल आणि ट्राफल्गार या दोन्ही लढायांत लढली आणि वॉटर्लूच्या पराभवानंतर १५ जुलै १८१५ रोजी नेपोलियन तिच्याच फळ्यांवर चढून इंग्रजांच्या स्वाधीन झाला. एवढा मान मिळाल्यावर ती पुढे कैदी डांबण्याची नौका झाली, १८२४ मध्ये तिचे नावही ‘कॅप्टिव्हिटी’, म्हणजे ‘बंदिवास’, असे केले गेले, आणि अखेर ती मोडीत निघाली. पुराणातला बेलेरोफॉनही देवांच्या पर्वतावर उडत जाण्याच्या हट्टापायी घोड्यावरून खाली पडला आणि उरलेले आयुष्य भटकत राहिला, हे येथे आठवते. पण त्या योगायोगावर फार भार टाकू नये. त्याचे कारण पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न : पँडोराने संकटांचे भांडे उघडले, लिअँडर बुडून मेला, इकारस आकाशातून कोसळला. अशी अशुभ नावे नौकांना का देतात? आपल्याकडेही नौदलाच्या कमांडोंच्या तळाला ‘अभिमन्यू’ म्हणतात, आणि अभिमन्यूला तर चक्रव्यूहातून बाहेर पडता आले नाही. (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, सांगली)

उत्तर : तुमच्या गावात १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हा नाट्यप्रयोग केला. समोर बसलेल्या प्रत्येक प्रेक्षकाला या सीतेच्या कपाळी पुढे वनवास आहे, रावण आहे, शेवटी धरणीमाता आहे, हे माहीत होते. तरीही प्रयोग स्वयंवराचा होता आणि तो स्वयंवराशी थांबला. पौराणिक नाटक सबंध पुराण उचलत नाही, त्यातले एक आख्यान उचलते. नौकेचे नाव ठेवणाराही तेच करतो. त्याला पात्राचा एकच प्रसंग किंवा एकच गुण हवा असतो; बाकीचे चरित्र तो पडद्याआड ठेवतो.

लिअँडर हेच उदाहरण घेऊ. हेलेस्पाँटच्या, म्हणजे आजच्या दार्दानेल्सच्या, सामुद्रधुनीच्या पलीकडे राहणाऱ्या हीरो नावाच्या पुजारिणीला भेटण्यासाठी हा तरुण रोज रात्री पोहून जात असे. तिने मनोऱ्यात लावलेला दिवा हीच त्याची खूण होती. एका वादळी रात्री दिवा विझला आणि तो बुडाला. ब्रिटिश नौदलाने या कथेतून शेवटची रात्र वगळली आणि रोज रात्री खवळलेला समुद्र ओलांडणारा पोहणारा तेवढा घेतला. हे नाव त्यांनी १९३०च्या दशकात क्रूझरच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या मोठ्या युद्धनौकांच्या, एका वर्गाला दिले आणि १९६०च्या दशकात फ्रिगेटच्या, म्हणजे त्याहून लहान युद्धनौकांच्या, एका वर्गाला दिले. या दुसऱ्या वर्गाच्या २६ नौका त्यांनी बांधल्या. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली आणि १९७२ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘निलगिरी’, तसेच तिच्या मागून आलेल्या पाच बहिणी, याच लिअँडर वर्गाच्या आराखड्यावर उभ्या राहिल्या. म्हणजे बुडालेल्या प्रियकराच्या कुळात आपल्याही सहा नौका होत्या आणि त्यांनी दीर्घ सेवा केली.

अभिमन्यूचेही तसेच आहे. शत्रूच्या फळीत एकट्याने शिरणे हे कमांडोचे पहिले काम, आणि ते करणारा महाभारतातील सर्वांत प्रसिद्ध वीर म्हणजे तो सोळा वर्षांचा मुलगा. त्याची माहिती अपुरी होती, धैर्य अपुरे नव्हते. बाहेर कसे पडायचे हे शिकवण्यासाठीच तर तळ असतो! त्याच दलाच्या विशाखापट्टणम येथील तळाला २०१६ मध्ये ‘कर्ण’ हे नाव मिळाले. आता शापाने ऐन वेळी विद्या विसरलेला कर्ण पाहायचा की कवचकुंडले काढून देणारा कर्ण पाहायचा, हे पाहणाऱ्यावर आहे. कोचीच्या तोफखाना प्रशिक्षणशाळेला ‘द्रोणाचार्य’ म्हणतात, तेव्हा तिथल्या कोणाला एकलव्याचा अंगठा आठवत नसेल असे नाही, पण नाव अस्त्रविद्येच्या गुरूचे आहे.

अशुभाचा हिशेब मांडायचाच झाला, तर तो जुळत नाही. ‘पँडोरा’ ही नौका ‘बाउंटी’ या ब्रिटिश नौकेवरच्या बंडखोरांना पकडण्यासाठी १७९० मध्ये निघाली, त्यांतील १४ जण तिला ताहिती बेटावर सापडले, आणि त्यांना कोंडण्यासाठी डेकवर जी पेटी उभारली तिला सगळे ‘पँडोराची पेटी’च म्हणू लागले; ऑगस्ट १७९१ मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या प्रवाळभिंतीवर आदळून ती फुटली. १८१६ मध्ये फ्रेंच ‘मेडुसा’ आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतली आणि तराफ्यावर सोडून दिलेल्या सुमारे १४७ जणांपैकी १५ वाचले. पण त्याचे कारण सर्पकेशी मेडुसा हे नव्हते, तर सुमारे वीस वर्षे समुद्रावर न गेलेल्या माणसाला केवळ राजनिष्ठेचे बक्षीस म्हणून दिलेले कप्तानपद हे होते. जिच्या भविष्यवाणीवर कोणाचाच विश्वास बसत नसे त्या कॅसँड्राच्या नावाची क्रूझर डिसेंबर १९१८ मध्ये, म्हणजे युद्धविरामानंतर, बाल्टिक समुद्रात सुरुंगाला धडकून बुडाली. येथवर वाचून कोणी मान डोलावील. पण खुद्द सागरदेवाच्या नावाची ‘नेपच्यून’ ही क्रूझर डिसेंबर १९४१ मध्ये त्रिपोलीजवळ सुरुंगांच्या पट्ट्यात सापडून बुडाली आणि तिच्यावरचा एकच माणूस जिवंत राहिला. उलट सूर्याजवळ जाऊन पंख वितळलेल्या ‘इकारस’च्या नावाची विनाशिका सारे महायुद्ध लढून धडधाकट परत आली. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण खलाशांनाही लागू पडते.

प्रश्न : जहाजाचे नाव बदलणे अशुभ मानतात असे ऐकतो. मग आपल्या नौदलाने ब्रिटिश नौका घेऊन त्यांची नावे कशी बदलली? आणि ‘अँड्रोमेडा’ची ‘कृष्णा’ झाली ती आपलीच कृष्णा का? (कराड येथील दोन वाचक)

उत्तर : ही समजूत खलाशांत आहे आणि तिला पुष्टी देणारी एक कथा नेहमी सांगितली जाते. १ जून १९३९ रोजी ‘थेटिस’ ही नवी ब्रिटिश पाणबुडी चाचणीसाठी लिव्हरपूलच्या उपसागरात गेली असता बुडाली आणि तिच्यावरील १०३ जणांपैकी ९९ मृत्युमुखी पडले. थेटिस ही अकिलीजची आई, सागरकन्या. पुढे ती पाणबुडी वर काढून दुरुस्त केली, ‘थंडरबोल्ट’ या नव्या नावाने युद्धात उतरवली, आणि मार्च १९४३ मध्ये ती पुन्हा बुडाली, या वेळी सगळ्यांसह. परंतु पहिल्या अपघाताचे मूळ शोधले तेव्हा हाती काय लागले? पाणतीराच्या (टॉर्पेडोच्या) नळीत पाणी आहे की नाही हे तपासण्याचे बारीक छिद्र रंगाच्या थराने बुजले होते, म्हणून नळी कोरडी समजून आतले झाकण उघडले गेले. दुसऱ्या वेळी तिला शत्रूच्या नौकेने गाठले. नाव बदलले म्हणून रंग वाळला नाही किंवा शत्रू आला नाही.

आणि हे लिहिताना मी ज्या किल्ल्याच्या पायथ्याशी बसलो आहे त्याचेच पाहा. १७०० मध्ये औरंगजेबाने साताऱ्याचा किल्ला घेतला आणि शहाजाद्याच्या नावावरून त्याला ‘आझमतारा’ म्हटले. तो परत घेतल्यावर ताराबाईंच्या काळात तो ‘अजिंक्यतारा’ झाला. ताबा बदलला की नाव बदलते, हे जमिनीवर जितके जुने आहे तितकेच पाण्यावरही.

स्वतंत्र भारताने घेतलेली पहिली मोठी युद्धनौका म्हणजे ‘अकिलीज’. १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ रिव्हर प्लेटच्या लढाईत ‘अजॅक्स’, ‘अकिलीज’ आणि ‘एक्सेटर’ या तीन क्रूझरनी ‘अॅडमिरल ग्राफ श्पे’ या जर्मन नौकेला जेरीस आणले होते. त्या वेळी अकिलीजवर बहुसंख्य खलाशी न्यूझीलंडचे होते. होमरच्या काव्यात अकिलीज आणि अजॅक्स हे ट्रॉयच्या रणांगणावरचे जोडीदार, आणि येथेही ती जोडी एकत्र लढली. (कॅनडात या ‘अजॅक्स’ नौकेच्या नावावरून एक अख्खे गाव वसले आहे.) १९४८ मध्ये अकिलीज भारताकडे आली आणि तिची ‘दिल्ली’ झाली, १९६१ मध्ये दीवच्या मोहिमेत तिने भाग घेतला आणि १९७८ मध्ये ती निवृत्त झाली. मधल्या काळात रिव्हर प्लेटवर निघालेल्या इंग्रजी चित्रपटात तिने स्वतःचीच, म्हणजे अकिलीजची, भूमिका केली, हे अनेकांना ठाऊक नसते.

पुढच्या खरेदींपैकी एक ‘हर्क्युलिस’ची. ही विमानवाहू नौका १९४५ मध्ये पाण्यात उतरली होती, पण युद्ध संपल्यामुळे अर्धवट पडून राहिली. १९५७ मध्ये भारताने ती घेतली, बेलफास्टला पुरी करून घेतली, आणि ४ मार्च १९६१ रोजी ती ‘विक्रांत’ म्हणून दाखल झाली. बारा अचाट कामे करणाऱ्या हर्क्युलिसला ‘विक्रांत’, म्हणजे पराक्रमी, हा शब्द जवळपास अनुवादासारखा बसतो, आणि तिचे ब्रीद ‘जयेम सं युधि स्पृधः’ हे ऋग्वेदातून घेतलेले आहे. ‘हर्मीस’च्या बाबतीत मात्र अनुवाद झाला नाही. हर्मीस चपळ, पायांना पंख असलेला, वाटसरूंचा, व्यापाऱ्यांचा आणि चोरांचाही पाठीराखा. ‘विराट’ला यातले काहीच लागू नाही. गंमत अशी की १९४४ मध्ये तिची बांधणी सुरू झाली तेव्हा ती ‘एलिफंट’ या नावाने सुरू झाली होती. हत्तीची हर्मीस झाली आणि भारतात येऊन १९८७ मध्ये ती पुन्हा आकाराने ओळखली जाऊ लागली. तिघींत मला हे नामांतर सर्वांत चोख वाटते.

आता ‘अँड्रोमेडा’. ही लिअँडर वर्गातील फ्रिगेट, ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातील १९८२ च्या फॉकलंड युद्धात असलेली. १९९५ मध्ये ती भारताने घेतली आणि २०१२ पर्यंत ‘कृष्णा’ या नावाने तिच्यावर नौदलाचे छात्र शिकले. कराडकरांनी निःशंक अभिमान बाळगावा, कारण हे नाव नदीचे आहे; दुसऱ्या महायुद्धाच्या काळातही नर्मदा, गोदावरी, कावेरी यांच्या रांगेत ‘किस्तना’ नावाची नौका होती, आणि किस्तना हा इंग्रजांनी केलेला कृष्णेचाच उच्चार. महाबळेश्वरी उगम पावून, माहुलीला वेण्णा आणि तुमच्या प्रीतिसंगमावर कोयना कवेत घेऊन सांगलीकडे जाणारी ती हीच. पुराणातील अँड्रोमेडा ही आईने सौंदर्याची बढाई मारली म्हणून समुद्रातल्या राक्षसाला बळी देण्यासाठी खडकाला साखळदंडांनी बांधलेली राजकन्या. पर्सियस या वीराने तिला सोडवले. समुद्राला वाहिलेल्या मुलीचे नाव जाऊन समुद्राला मिळणाऱ्या नदीचे नाव आले. नाव ठेवणाऱ्यांनी हे योजून केले असेल असे मी म्हणत नाही, पण जुळले मात्र सुरेख.

याच अँड्रोमेडाला आपल्या ज्योतिर्विदांनी वेगळ्या रीतीने आपलेसे केले आहे, तेही सांगून टाकतो. आकाशातील अँड्रोमेडा या तारकासमूहाला मराठीत ‘देवयानी’ म्हणतात, पर्सियसला ‘ययाती’, तिची आई कॅसिओपियाला ‘शर्मिष्ठा’ आणि बाप सेफियसला ‘वृषपर्वा’. एका ग्रीक घराण्याच्या जागी महाभारतातले एक घराणे नेऊन बसवले. नातीगोती जुळत नाहीत, कारण ग्रीक कथेतील आई आपल्या कथेत सवत झाली आहे. पण आकाशात एकमेकांजवळ राहणारी चार माणसे एकाच कथेतली असावीत, ही दृष्टी मला फार आवडते.

प्रश्न : अकिलीज पुरुष होता, विक्रांत हा शब्दही पुल्लिंगी आहे. मग युद्धनौकेला सगळे ‘ती’ का म्हणतात? (इयत्ता नववीतील एक विद्यार्थिनी, मिरज)

उत्तर : कारण तू स्वतःच ‘नौका’ हा शब्द वापरलास, आणि तो स्त्रीलिंगी आहे. संस्कृतमधील ‘नौ’, ग्रीकमधील ‘नाउस’ आणि लॅटिनमधील ‘नाविस’ हे तिन्ही शब्द एकाच मुळातून आलेले आहेत आणि तिन्ही स्त्रीलिंगी आहेत. मराठीत लिंग नावावर ठरत नाही, नावामागे जोडलेल्या शब्दावर ठरते : ती होडी, तो मचवा, ते गलबत. म्हणून ‘विक्रांत ही युद्धनौका’ आणि ‘विक्रांत हे जहाज’ ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना सहसा लिंग नसते, तरी जहाजाला ‘ती’ म्हणण्याची चाल पडली. लंडनच्या ‘लॉइड्‌स लिस्ट’ या जहाजव्यवसायाच्या जुन्या वृत्तपत्राने मात्र २००२ मध्ये ती सोडून दिली.

प्रश्न : परक्यांनी आपल्या पुराणपुरुषांची नावे इतक्या हौसेने दिली, तर आपल्या लढाऊ नौकांवर राम, अर्जुन, हनुमान ही नावे का दिसत नाहीत? आपण कमी अभिमानी आहोत काय? (एक वाचक, विटा)

उत्तर : अभिमानाचा येथे संबंध नाही, फरक पुराणांच्या स्थितीचा आहे. वाईच्या बाईंना दिलेले उत्तर येथे उलटे करून वाचावे. ग्रीकांचे देव पूजेतून उठले होते म्हणून ते नौकांवर चढले. आपले देव देव्हाऱ्यात आहेत. उद्या नौका जुनी झाली की ती अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात काढावी लागते. ‘विराट’चे २०२० मध्ये तेच झाले आणि अनेकांना हळहळ वाटली. तिथे रामाचे नाव असते तर ‘राम भंगारात’ हा मथळा कोणाला छापवला असता? हे माझे अनुमान आहे, पण नौदलाची नावे पाहिली की ते बळावते.

नौदलाच्या मुख्यालयात नावे ठरवणारी एक समिती आहे आणि तिचे संकेत बरेचसे ठरलेले आहेत. विनाशिकांना शहरांची किंवा योद्ध्यांची नावे मिळतात, फ्रिगेटना पर्वत, नद्या आणि शस्त्रे, फ्रिगेटहून लहान कॉर्व्हेटना हातातली हत्यारे, आणि एका वर्गाच्या नौकांचे पहिले इंग्रजी अक्षर शक्यतो एकच ठेवतात : शिवालिक, सातपुडा, सह्याद्री, तलवार, त्रिशूल, तबर, खुकरी, कृपाण, कुठार, खंजर. आपला ‘सह्याद्री’ २०१२ पासून नौदलात आहे. या यादीत पुराण आहे, पण ते आडवाटेने आलेले आहे. देव येत नाही, देवाचे शस्त्र येते. शंकर येत नाही, ‘त्रिशूल’ येतो. इंद्र येत नाही, रणगाडे आणि सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या नौकेला त्याच्या हत्तीचे, ‘ऐरावता’चे, नाव मिळते, आणि अवजड ओझे वाहणाऱ्या नौकेला ते शोभते. गंगा, गोदावरी, कृष्णा या तर एकाच वेळी भूगोल आणि दैवत आहेत. वाईच्या घाटांवर कृष्णामाईचा उत्सव होतो आणि शाळेच्या नकाशात तीच निळी रेघ असते, त्यामुळे नदीचे नाव कोणाला खटकत नाही.

पुराणातील माणसे आणि पक्षी मात्र मोकळेपणाने येतात ते किनाऱ्यावरच्या तळांना, जे बुडत नाहीत आणि पकडले जात नाहीत. द्रोणाचार्य, अभिमन्यू आणि कर्ण यांचा उल्लेख वर आलाच आहे. कोचीच्या हवाई तळाला ‘गरुड’ म्हणतात. लाकूडकाम व नौकाबांधणी शिकवणाऱ्या विशाखापट्टणमच्या शाळेला ‘विश्वकर्मा’ हे नाव मिळाले. अमेरिकेच्या नौदलातही दुरुस्तीची कामे करणाऱ्या एका नौकेला रोमनांच्या लोहारदेवाचे ‘व्हल्कन’ हे नाव होते, म्हणजे कारागीर देव दोन्हीकडे कारखान्यातच गेले. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर ६ मार्च २०२४ रोजी सुरू झालेल्या तळाला ‘जटायू’ म्हणतात. सीतेचे अपहरण होताना सर्वांत आधी आडवा आलेला तो म्हातारा पक्षी. तोही लढाई हरला होता, तरी भर समुद्रात पुढच्या चौकीवर पहारा करणाऱ्या तळाला त्याच्यापेक्षा योग्य नाव सुचवणे कठीण आहे.

राहिला तो आपला हनुमान. मुंबईत १ सप्टेंबर २०२३ रोजी एका नव्या फ्रिगेटचे जलावतरण झाले. पर्वतांच्या संकेताप्रमाणे तिला पूर्व घाटातील एका शिखराचे नाव दिले आहे, आणि ते नाव आहे ‘महेंद्रगिरी’. रामायणात लंकेकडे झेपावण्यासाठी मारुतीने ज्या पर्वतावर पाय रोवले, त्याचेही नाव महेंद्रच आहे.